बिऱ्हाड मांडता मांडता

मीठ धुऊन घ्यावे, असे आज कुणी सांगितले तर आपण हसू. पण नाशिकजवळच्या जलालपूर गावात, गोखल्यांच्या घरात, १८७० च्या आगेमागे हा रोजचा शिरस्ता होता. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू आधी पाण्यातून निघायची आणि मगच घरात यायची. मीठसाखर धुतल्यावर उरणार काय, हा प्रश्न त्या घरात विचारायची सोय नव्हती. यजमान नाना गोखले यांच्या सोवळ्यापुढे बायकोचे काही चालत नसे आणि मुलांचे तर नसेच नसे. या सोवळ्यालाही एक कारण होते. नानांचे सासरे वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. तो धक्का नानांच्या मनाला असा काही लागला, की शुद्ध-अशुद्धाच्या फेऱ्यातून ते पुढे कधी बाहेर पडलेच नाहीत.

त्या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव मनकर्णिका. घरची माणसे मनू म्हणत. मनू हे सारे बघत होती. पुढे साठी ओलांडल्यावर तिने ते लिहिले, तेव्हा वडिलांवर राग काढला नाही आणि त्यांची बाजूही घेतली नाही. काय काय धुतले जाई आणि मग काय काय होई, तेवढे सांगितले. वाचणारा आधी खळखळून हसतो. मग त्या घरातल्या आईने हे किती वर्षे सोसले असेल, हा विचार मनात येतो आणि तो गप्प होतो. एकाच परिच्छेदात हसवून गप्प करण्याची ही हातोटी ज्या बाईंना साधली, त्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी आणि ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका.

मराठीतल्या मोठ्या आत्मचरित्रांची यादी कुणीही करो, त्यात हे पुस्तक असतेच. यादीतली कित्येक पुस्तके आपण आदराने कपाटात ठेवतो. ‘स्मृतिचित्रे’ मात्र घरात फिरते. आजी वाचते, मग सून वाचते, सुट्टीत नातवंडे त्यातले प्रसंग एकमेकांना सांगतात. शाळेचा फारसा संबंध न आलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या नादाने लिहावाचायला लागलेल्या बाईच्या हातून हे कसे घडले असेल? कादंबऱ्या लिहिण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे कोडे वारंवार त्या पुस्तकाकडे ओढून नेते. त्याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच शोधावे लागते.

१८८० साली मनूचे लग्न झाले. ती बारा वर्षांच्या आतबाहेरची, नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. मनूची लक्ष्मी झाली. नवरा कसा, तर बुद्धीचा तल्लख, संस्कृत जाणणारा, वक्ता, शीघ्रकवी. आणि पायाला भिंगरी लागलेला. टिळकांचा जन्म कोकणातल्या करजगावचा. वडील वामनराव अत्यंत तापट. आई जानकीबाई कविता करणाऱ्या, सोशिक. त्या माउलीचा अंत वाईट झाला आणि त्या दिवसापासून टिळक घरापासून जे तुटले ते तुटलेच. पुढचे त्यांचे सारे आयुष्य एका शोधात गेले. कधी देवाचा शोध, कधी गुरूचा, कधी देशाच्या उद्धाराच्या मार्गाचा. शोध म्हटला की प्रवास आलाच. आज शिक्षकाची नोकरी, उद्या ती सोडून कुठे कीर्तन-प्रवचन, परवा आणखी कुठल्या गावाला. जाताना बायकोला सांगून जातीलच असा नेम नाही, आणि गेले तर परत कधी येतील याचा तर अजिबात नाही.

या माणसाच्या मागे लक्ष्मीबाई बिऱ्हाड मांडत हिंडल्या. कधी माहेरी, कधी सासऱ्यांच्या धाकात, कधी नाशकात, कधी नागपुरात. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांचे ग्रंथांचे काम चालले होते, तेव्हा थोडी स्वस्थता लाभली. तीही टिकली नाही. मुले झाली, काही गेली. बँकेच्या नोकरीत माझ्याही बदल्या झाल्या. पण आम्हाला बदलीचा हुकूम हातात मिळायचा, सामान हलवायचा भत्ता मिळायचा, रुजू व्हायची तारीख ठरलेली असायची. या बाईला यातले काही नव्हते. नव्या गावात चूल मांडायची, शेजारीण जोडायची, उसनेपासने करायचे, आणि घडी बसली असे वाटेतो नवऱ्याच्या डोक्यात नवे काही तरी आलेले असायचे.

आता हे सगळे रडून सांगता आले असते. तसे सांगणाऱ्या पुष्कळ जणी होत्या आणि त्यांना तो हक्कही होता. लक्ष्मीबाईंनी दुसरी वाट धरली. ती त्यांनी ठरवून धरली असेल असे मला वाटत नाही. सतत गाव बदलणाऱ्या बाईला नव्या शेजाऱ्यांशी जोडून घ्यायला जवळ काय असते? तिची गोष्टच असते. ती रडकी असली तर शेजारीण दोन दिवस ऐकते आणि तिसऱ्या दिवशी दार लावून घेते. तीच गंमत करून सांगितली, तर पीठ चाळता चाळता चार जणी जमतात. नवऱ्याचा भोळेपणा, त्याचा विसरभोळेपणा, खिशातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची त्याची सवय आणि त्यापायी घरात उडालेली तारांबळ, हे सारे पुस्तकात येण्याच्या आधी किती तरी ओसऱ्यांवर सांगून झालेले असणार. ज्या गोष्टी वाचताना आपल्याला इतक्या सहज वाटतात, त्या तोंडात अशा घोळून घोळून गुळगुळीत झालेल्या असाव्यात, हा आपला माझा तर्क.

या तर्काला माझा स्वतःचा एक आधार आहे. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसत असताना खेड्यापाड्यांतल्या बायका समोर येत. किती कर्ज हवे, असे विचारले की त्या आकडा सांगत नसत. थोरलीच्या लग्नापासून सुरुवात करत. मग विहीर, मग दिराने केलेली वाटणी, मग म्हैस, आणि या सगळ्याच्या शेवटी आकडा. आधी वाटे, ही बाई किती भरकटते आहे. नीट ऐकले की कळे, तिने एकही गोष्ट फुकट सांगितलेली नाही. लक्ष्मीबाईंचे सांगणे याच जातीचे आहे. त्यांच्या प्रकरणांत विषय सोडून गेल्यासारखे वाटते आणि शेवटी आपण नेमके जिथे पोचायला हवे होते तिथे पोचलेलो असतो.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली. पुढे दोन वर्षे टिळकांच्या मनात काय चालले होते, याची घरात कल्पना नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. बातमी आली आणि घरावर आकाश कोसळले. तो काळ असा, की नवरा मेला असता तर त्या दुःखाला निदान एक रीत होती, माणसे दारात येऊन बसली असती. इथे नवरा धडधाकट, बायकोवर जीव असलेला, पत्रे पाठवणारा. आणि तरी तो तिला मेल्यात जमा. कपाळाला कुंकू आहे आणि संसार नाही. या बाईला काय म्हणावे, ते समाजालाही ठाऊक नव्हते आणि तिलाही.

पुढची चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, बहुतेक काळ पंढरपुरात बहिणीच्या आधाराने. बहीण आणि तिचे यजमान यांनी पोटच्या पोरीसारखे सांभाळले, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पण दुसऱ्याच्या घरी राहणे ते राहणेच. दुःखाने अंथरूण धरले, माणसात नसल्यासारख्या वागू लागल्या. याच एकटेपणात त्या कवितेकडे वळल्या. टिळकांसारखा कवी जवळ असताना जे फारसे झाले नव्हते, ते तो जवळ नसताना झाले.

मला विचाराल तर ‘स्मृतिचित्रे’चा खरा कस या भागात लागतो. आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख सांगताना बहुतेक लेखक भाषा बदलतात. वाक्ये लांब होतात, मोठमोठे शब्द येतात. लक्ष्मीबाईंची भाषा इथेही बदलत नाही. मीठ धुण्याची हकीकत ज्या आवाजात सांगितली, त्याच आवाजात त्या आपल्या वेड लागण्याच्या बेताला आलेल्या दिवसांची हकीकत सांगतात. तिथेही मध्येच एखादी हसवणारी गोष्ट येते. सांत्वनाला आलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा त्यांनी त्या दुःखातसुद्धा नीट पाहून ठेवलेल्या असतात. दुःख झालेच नाही असा आव नाही आणि ते मिरवायची हौसही नाही. हा तोल आणायचा म्हटले तर येत नाही. निदान मला तरी इतक्या कादंबऱ्यांत तो क्वचितच आणता आला.

शेवटी टिळकांनी बायको-मुलाला आपल्याकडे नेले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. नेले म्हणजे बाई ख्रिस्ती झाल्या असे नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळेओवळे जसेच्या तसे. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. ही त्यांची मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. मिशनच्या आवारात सोवळ्याने स्वयंपाक करणारी ही बाई सगळ्यांच्या कुतूहलाचा विषय झाली असणार. मग एक दिवस त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला: जाती देवाने केल्या, की माणसाने? पुस्तके न चाळता, कुणाला न विचारता त्यांनी तो स्वतःशी सोडवला. माणूस तेवढा देवाने केला, बाकीचे माणसाने, असे उत्तर आले आणि ज्यांच्या सावलीचाही बाऊ होता त्यांच्या हातचे खाणेपिणे सुरू झाले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मागोमाग बायको झाली, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. पुस्तक वाचल्यावर तसे वाटत नाही. इंग्रजीत या पुस्तकाचा पहिला अनुवाद जोसेफाइन इंक्स्टर यांनी केला, तो १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने निघाला. नाव ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. बाई नवऱ्याच्या मागून गेल्या हे खरे. पण जिथे पोचल्या तिथे आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला पोचल्या. पुढे २०१७ साली शांता गोखले यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाने ‘स्मृतिचित्रे’ हे मूळ नावच ठेवले, ते बरे झाले.

नगर आणि राहुरीच्या दिवसांत त्यांचे घर म्हणजे धर्मशाळा होती. पोटची मुले होती, सांभाळलेली होती, शिकायला ठेवून घेतलेली होती, आल्यागेल्यांची तर गणतीच नको. पगार थोडा, त्यातला निम्मा टिळकांच्या दानशूरपणात जायचा. या घरात एक हळवा, रागीट पोरगा येऊन राहिला. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात हा मुलगा पुढे आला आणि टिळकांनी त्याला आपला म्हटले. मराठी कवितेच्या इतिहासात बालकवी म्हणजे निसर्गाचे लाडके लेकरू. लक्ष्मीबाईंनी दाखवलेला ठोमरे मात्र रुसणारा, न सांगता निघून जाणारा, परत आला की काही झालेच नाही असा पानावर बसणारा. समीक्षेच्या ग्रंथांतून बालकवी कळतात. हा ताटावर बसलेला मुलगा दुसरीकडे कुठे भेटत नाही. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, अवघा सत्तावीस वर्षांचा.

टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले. ‘देवाचा दरबार’ ही त्यांची नवी कल्पना. पुन्हा नवे गाव, पुन्हा नवी चूल. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नास वर्षांच्या होत्या.

इथून पुढची सतरा वर्षे एरवी कुणाच्या लक्षात राहिली नसती. कवीची विधवा म्हणून सभेत हार घ्यायचा आणि घरी नातवंडे खेळवायची, एवढे पुरे झाले असते. बाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली. मग दत्तूच्या नोकरीपायी कराची. नाशिकजवळच्या खेड्यातली, मीठ धुणाऱ्या घरात वाढलेली ही मुलगी उतारवयात सिंधच्या वाळूत संसाराचा पसारा लावते आहे, तिथली माणसे आणि बोली कान देऊन ऐकते आहे, हे चित्र मला फार आवडते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. तिथे मराठी माणसांची वस्तीही होती. पण टिळक सोबत नसताना मांडलेली ही बिऱ्हाडे होती. इतकी वर्षे त्या कुणाच्या तरी भिंगरीमागे फिरल्या. आता थांबून मागे बघायला सवड मिळाली.

लिहिण्याचे निमित्त साधेच होते. मुलाला, देवदत्तला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. आईला आठवते ते तिने लिहून द्यावे, एवढीच अपेक्षा. म्हणजे त्या लिहायला बसल्या त्या टिळकांविषयी. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० सालीच निघाले होते. तेही थोर पतीच्या आठवणींचे आणि फार सुंदर. पण त्यात रमाबाई स्वतः माधवरावांच्या सावलीला उभ्या आहेत. लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यात वेगळेच झाले. टिळकांची गोष्ट सांगायची तर ती ज्या घरात घडली ते घर सांगायला हवे, आणि घर सांगायला घेतले की घरात मागे राहिलेली बाई कशी वगळणार? टिळक निघून गेले, एवढे चरित्रकार एका ओळीत लिहील. ते गेल्यावर घरात काय झाले, हे सांगायला बाईलाच पाने लागली. त्या पानांचे हे पुस्तक झाले.

एक बारीकशी गोष्ट सांगतो. त्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. इकडची स्वारी, तिकडून येणे झाले, असे आडवळणाने बोलत. लक्ष्मीबाई नवऱ्याला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. टिळक आले, टिळक चिडले, टिळकांनी पैसे देऊन टाकले. आदर आहे, बहुवचन आहे, पण मान खाली घातलेली नाही. समोर एक माणूस बसला आहे आणि दुसरे माणूस त्याच्याकडे सरळ बघत आहे, असे ते वाटते. त्यामुळे त्यांना टिळकांच्या रागाविषयी, हट्टाविषयी, अन्यायाविषयीही बोलता आले. त्या घरात भांडणेही कडाक्याची झाली, ती त्यांनी लपवली नाहीत. आणि एवढे सगळे सांगूनही शेवटी आपण टिळकांच्या प्रेमात पडतो. भक्तीने लिहिलेल्या चरित्रांतून हे सहसा होत नाही.

आठवणीवर भिस्त ठेवून लिहिणाऱ्यांचे तपशील चुकतात, अशी तक्रार असते. लक्ष्मीबाईंनी सनावळ्यांची फारशी पर्वा केली नाही, हे खरेच. अमुक साली काय झाले, हे शोधायला त्या पुस्तकात शिरलेला अभ्यासक वैतागतो. पण त्या घरात त्या दिवशी काय शिजले होते, कोण कुठे बसले होते, कोण काय बोलता बोलता थांबले, हे त्यांना ठाऊक असते. पुस्तकाचे नावही त्यांनी चरित्र असे ठेवले नाही. चित्रे म्हटले.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. लोकांनी तो अक्षरशः उचलून धरला. १९८० च्या दशकात विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला आणि सुहास जोशींची लक्ष्मीबाई घरोघर पोचली. ती पाहिलेले वाचक या रविवारीही काही असतील.

आठवणी लिहिण्याच्या त्याच वर्षांत त्यांच्या हाती आणखी एक काम होते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे ओवीबद्ध महाकाव्य सुरू केले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते वारले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे निस्तरण्याची सवय जुनीच होती म्हणा! महाकाव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ आज किती जण वाचतात, मला शंका आहे. टिळकांच्या वाटेने जाताना त्यांची ओवी टिळकांची झाली. स्वतःचे बोलणे त्यांनी आठवणींसाठी राखून ठेवले होते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग त्यानंतर त्याच वर्षी निघाला आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली. दोन्ही छापून घ्यायचे काम दत्तूनेच केले, ज्याने आईला फक्त वडिलांच्या आठवणी लिहून मागितल्या होत्या.